सगळ्या कुकीज बंद

"ही नर्सबाई तुमच्या कम्प्युटरात काऊन येऊन राह्यली, रत्नदीपभाऊ?"

कवडूजींनी काठीचं टोक थेट काचेला टेकवलं. मी त्यांचा फोटो लहान करत होतो. सोयाबीनच्या विम्याच्या अर्जाला मोठा फोटो चालत नाही, आणि फोटो लहान करून देणाऱ्या ज्या फुकटच्या साइटी असतात, त्या जाहिरातींनी खचाखच भरलेल्या. त्यातल्याच एका चौकटीत पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी हसत होती. खाली लिहिलं होतं, 'बारावी झाली? नर्सिंगला प्रवेश घ्या. नागपूर. मुलींसाठी वसतिगृह.'

माझ्या दुकानात दोन स्क्रीन आहेत. एक माझ्याकडे तोंड करून, दुसरी गिऱ्हाइकाकडे. आर्वीत ही पद्धत मीच पाडली. नावात एक वेलांटी चुकली की माणसाला तहसीलच्या सहा चकरा पडतात, म्हणून मी अर्ज भरताना गिऱ्हाईक समोर बसून अक्षर न् अक्षर वाचतं, मान हलवतं, मगच मी पुढे जातो. डेपोसमोर आता पाच दुकानं झालीत, पण ही सोय माझ्याकडेच. मला तिचा फार गर्व होता.

"जाहिरात आहे. सगळ्याईलेच येते," मी म्हटलं.

"सगळ्याईले कशी येईन? माह्या भाच्याच्या मोबाइलात ट्रॅक्टर येते. तो दिवसभर ट्रॅक्टरच पाह्यते म्हनून. तो म्हंते, मामा, आपुन जे पाह्यलं तेच मांगं लागते." कवडूजींनी काठी खाली घेतली. "मंग तुमच्या दुकानात नर्सचं कोन पाह्यते?"

म्हातारा सातवी शिकलेला. फौजदार व्हायचा तो चुकून शेतकरी झाला, असं माझं जुनं मत आहे.

"पन्नास पोट्ट्या येतात इथं फार्म भराले. कोनाकोनाचं सांगू?"

"माही सून तं नाई आलती?"

"नाई," मी म्हटलं.

आली होती. आदल्याच दिवशी त्याच स्टुलावर दीड तास बसून गेली होती. कवडूजी आपल्याच समाजाचे, दरवर्षी दीक्षाभूमीला आम्ही एकाच गाडीत जातो, एका डब्यातलं खातो. त्यांच्या तोंडावर खोटं बोलताना मला कसंसंच झालं. पण सुनेनं शब्द घेतला होता आणि मी तो दिला होता.

मी मूळचा टायपिस्ट. तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली टाइपरायटर घेऊन एकवीस वर्षं बसलो, आणि या दुकानाला आता दहा वर्षं झाली. वाटणीचे दावे, सोडचिठ्ठ्या, निनावी तक्रारी, सगळं माझ्या हाताखालून गेलं. एकाच भांडणातले दोघे भाऊ एकाच दिवशी माझ्याकडून अर्ज टाइप करून घेत, आणि एकाचं दुसऱ्याला कळत नसे. संध्याकाळी मी वापरलेले कार्बन पेपर काडी लावून जाळायचो, कारण कार्बन उजेडात धरला की वाचता येतो हे मला ठाऊक होतं. लोक हसायचे. बायको म्हणायची, तुम्ही तर स्वतःच्या सावलीचाही जबाब घ्याल. घ्यावाच लागतो. माणसं माझ्याकडे अक्षरासाठी येत नव्हती, माझ्या बंद तोंडासाठी येत होती.

आणि आता माझं तोंड बंद असूनही माझा कम्प्युटर बोलत होता.

काजल दोनच दिवसांनी आली. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी, बारावी सायन्सला बहात्तर टक्के, लग्नाला तीन वर्षं. सासू तानाबाईंना अर्धांगवायू झालेला. त्यांना उठवणं, बसवणं, अंग पुसणं सगळं हिच्याकडे. डॉक्टरनंच तिला म्हटलं होतं, तुझा हात नर्सचा आहे, शिकत का नाहीस. ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं. नवरा रुपेश बुटीबोरीच्या कंपनीत, शनिवारी रात्री घरी यायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "तू फार्म भर, मी हाव म्हंतो, पर बापाले मी नाई सांगत." असा त्याचा पाठिंबा.

कवडूजींचा शिक्षणाला विरोध नव्हता, हेही सांगायला हवं. मोठी सून त्यांनी स्वतः शिकवली होती. ती नागपूरला नोकरीला लागली, मागोमाग मोठा मुलगा गेला, आणि दोघं आता जयंतीलासुद्धा येत नाहीत. धाकटी गेली तर घरात दोन म्हातारी माणसं आणि एक खाट उरणार होती. त्यांची भीती खोटी नव्हती. काजलचंही खोटं नव्हतं. ती म्हणायची, "काका, आत्याबाईसाठी मी बाई ठेवीन, माह्या माहेराहून आनून देईन. पर यंदा नाई जमलं तं मंग लेकरू होईन, आन् मंग मीच म्हनीन, जाऊ द्या." त्या वर्षीची शेवटची तारीख होती तीस जून, संध्याकाळी साडेपाच. तिचा अर्ज पूर्ण भरलेला होता. फक्त रहिवासी दाखला तहसीलमधून यायचा राहिला होता.

पण त्या दिवशी ती दाखल्याचं विचारायला आली नव्हती. स्टुलावर न बसताच म्हणाली, "तुमी बाबाईले सांगतलं का?"

"काय?"

"ते काल जेवताना म्हनाले, नागपूरले होस्टेल असते ना पोरीईचं. त्याईले होस्टेलचं कसं मालूम?"

"मी नाई सांगतलं, काजल."

"मंग कोनं सांगतलं? तुमच्याशिवाय तं कोनालेच मालूम नाई."

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला राग आला, आणि रागाच्या खाली लाज वाटली. मी तिला जाहिरातीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण तिच्या तोंडावरून दिसत होतं की हे तिला पटलेलं नाही. कम्प्युटरनं चुगली केली, यावर मी तरी विश्वास ठेवला असता का?

मी त्याच संध्याकाळी कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रफुलला फोन लावला. त्याला वेळ मिळाला तो एकोणतीस तारखेला. आला, खुर्चीवर उलटा बसला आणि मला समजावू लागला.

"भाऊ, याले कुकी म्हंतात. तुमी एका दुकानात गेले, का तो दुकानदार तुमच्या सदऱ्याले मांगून चिठ्ठी चिकटवते, हा मानूस अमुक पाहून गेला म्हनून. तुमाले दिसत नाई. मंग तुमी दुसऱ्या दुकानात जाता, तो चिठ्ठी वाचते आन् तेच सामान पुढं करते."

"मले न विचारता?"

"विचारते ना. खाली पट्टी येते, तुमी पाह्यल्याबिगर हो म्हंता."

हे खरं होतं. ती पट्टी मी हजार वेळा दाबली असेल. लोकांच्या सह्या कुठे आहेत, अंगठा कुठे आहे हे मी दहादा तपासतो, आणि स्वतः कशालाही हो म्हणत बसलो होतो. मला ते कार्बन आठवले. एवढी वर्षं मी जाळत काय होतो आणि साठवत काय होतो?

प्रफुलनं सेटिंग उघडून दाखवलं. "हे पाहा. आपल्याले फक्त थर्ड पार्टी बंद कराच्या. म्हंजे ज्या साइटीवर आपुन गेलोच नाई, पर तिची चिठ्ठी चिकटते, त्या. हे वरचं बटन दाबाचं. खालचं नाई." त्यानं दाबलं, जुन्या सगळ्या चिठ्ठ्या पुसल्या, चहा घेतला आणि गेला.

मी फोटो लहान करायची साइट उघडली. नर्स गेली होती. तिच्या जागी गुडघेदुखीचं तेल आलं होतं. ठीक आहे, गुडघे आर्वीत सगळ्यांचेच दुखतात.

इथं थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण माझा स्वभाव. तिसरा माणूस बंद केला, मग पहिल्या-दुसऱ्यावर तरी काय भरवसा? प्रफुल तरुण आहे, त्याला घाई असते. त्यानं न दाबलेल्या खालच्या बटणावर लिहिलं होतं, सगळ्या कुकीज बंद करा. त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं. मी ते वाचलं नाही. 'सगळ्या' हा शब्द मला आवडला. मी ते बटण दाबलं आणि बऱ्याच दिवसांनी निवांत घरी गेलो.

तीस तारखेला काजल अकराच्या गाडीनं आली. हातात वाटेत तहसीलमधून घेतलेला रहिवासी दाखला, अजून उबदार प्रिंट, आणि घरातला मोबाइल. दिवसा त्या घरात एकच मोबाइल, तानाबाईंच्या उशाशी असायचा. त्यावर येणारा ओटीपी घातल्याशिवाय अर्ज उघडत नव्हता. दोनच्या गाडीनं तिला परत जायचं होतं. घरी दवाखान्याचं नाव सांगून आली होती.

ओटीपी आला, घातला, हिरवी खूण आली. पुढचं पान दाबलं तर, 'आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.'

"सर्व्हर डाऊन," मी म्हटलं.

आमच्या धंद्यात शेवटच्या तारखेला सर्व्हर डाऊन असतोच. इतका असतो की तो चालू असला तर आम्हाला संशय येतो. आम्ही थांबलो. पुन्हा ओटीपी, पुन्हा हिरवी खूण, पुन्हा सत्र संपलं. विम्याची साइटही तसंच करू लागली, पेन्शनचीही. मी म्हटलं, सगळीकडेच लोड आहे. बारा वाजले, एक वाजला. काजल स्टुलाच्या काठावर बसलेली. तेरावा ओटीपी तिनं वाचून दाखवला तेव्हा तिचा आवाज बसला होता.

समोर मोहिनीच्या दुकानात गर्दी होती. मोहिनी तीन वर्षांपूर्वी आलेली, बोलघेवडी, हसरी, प्रत्येक बाईला घरचं विचारणारी. मला ती कधीच आवडली नाही.

"काका, मी समोर जाऊन पाहू का एक डाव?"

"तठी गर्दी काऊन हाय? तिचंबी अडकून राह्यलं म्हनून. आन् तठी गेली का संध्याकाळपर्यंत आर्वीभर होईन. तिचं तोंड मले मालूम हाय."

"पर काका..."

"तुले लपवाचं हाय का नाई?"

तिनं मोबाइल पुन्हा मांडीवर ठेवला. दोनला दहा कमी असताना उठली. मी म्हटलं, "तू जा. साडेपाचपर्यंत मी बसतो. उघडलं का फोन करतो, तू आकडे सांगजो." तिनं मान हलवली. दारातून एकदा मोहिनीच्या दुकानाकडे पाहिलं आणि डेपोत गेली.

चार वाजता मोहिनीच्या दुकानातून एक बाई आणि तिची मुलगी पेढ्याचा पुडा घेऊन बाहेर आल्या. अडकलेल्या अर्जाचे पेढे कोणी वाटत नाही. मी प्रफुलला फोन लावला. तो कुठल्या तरी शाळेत वायर ओढत होता, पाच वाजता त्यानं उचलला.

"भाऊ, तुमी खालचं बटन तं नाई दाबलं?"

मी सेटिंग उघडलं.

"अहो, सगळ्या बंद केल्या तं तुमी लॉगिन केलं हे त्या साइटीले याद कसं राहीन? ती दर पानाले तुमाले नवीनच मानूस समजते. सर्व्हर चांगला हाय."

मी बटण परत फिरवलं. पाच वाजून नऊ मिनिटं. जुन्या ओटीपीवर काही होत नव्हतं, नवा लागणार होता. मी तो मागवला आणि फोन लावला. तीन वेळा वाजल्यावर उचलला गेला.

"हॅलो, कोन?"

कवडूजी होते.

तिचं नाव घेतलं असतं तर सगळं उघड झालं असतं. फोन ठेवला असता तर तिचं वर्ष गेलं असतं. एवढ्या वर्षांत मी कोणाच्या पोटातलं बाहेर काढलं नव्हतं, पण कोणाला फसवून त्याच्याकडून काही घेतलंही नव्हतं. तेही त्या दिवशी केलं.

"कवडूजी, मी रत्नदीप. तुमच्या सोयाबीनच्या विम्याचं काम करून राह्यलो. आताच मोबाइलवर सहा आकडे आले असतीन, तेवढे वाचून दाखवा."

पलीकडे म्हातारा हसला.

"तुमीच तं सांगतलतं भाऊ, ओटीपी कोनालेच देऊ नका. म्या मांगतला तरी देऊ नका."

सांगितलं होतं. गेल्या वर्षी त्यांच्या गावात एकाचं खातं साफ झालं तेव्हा मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समोर बसवून हे पाठ करून घेतलं होतं. भिंतीवर बोर्डही मीच लावला.

"कवडूजी, मी खरंच रत्नदीप बोलून राह्यलो."

"हाव. आवाजबी सेम काढते लेकाचा." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. साडेपाच वाजले. पानावर लिहून आलं, अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे. मी कितीतरी वेळ ते वाचत बसलो. त्या दिवशी आणखी कोणी आलं असेल तर मला आठवत नाही.

चार दिवसांनी तानाबाईंच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कवडूजी आणि काजल दोघं आले. म्हाताऱ्यानं बसल्या बसल्या सांगायला घेतलं, की कसा एका चोट्ट्यानं हुबेहूब माझा आवाज काढून ओटीपी मागितला आणि त्यांनी कसा त्याला पाणी पाजलं. "तुमच्या शिकवन्यानं वाचलो भाऊ." मी मान हलवली. काजल खाली पाहत होती. तिचे डोळे सुजलेले होते. मग कवडूजी शेजारी झेरॉक्स काढायला गेले.

मी तिला सगळं सांगितलं. बटणाचं, प्रफुलचं, फोनचं. "सर्व्हर चांगला होता, काजल. चूक माही होती. तुह्यं नाव कोनाले दिसू नये म्हनूनच केलं मीनं, पर तुह्यं वाटोळं केलं."

तिनं विश्वास ठेवला. मला ते दिसलं, आणि त्यानं जरा बरंही वाटलं. मग ती म्हणाली, "ते बटनाचं समजलं काका. तुमाले मालूम नव्हतं. पर मले समोर काऊन नाई जाऊ देलं?"

कवडूजी झेरॉक्स घेऊन आत आले. तिनं पदर सारखा केला आणि सासूचं नाव स्क्रीनवर वाचून बरोबर असल्याचं सांगितलं. त्यानंतर ती माझ्या दुकानात आली नाही.

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. मोहिनीनं कोणाचं काही बाहेर बोलल्याचं मी आजवर एकदाही ऐकलेलं नव्हतं. मला फक्त ती बोलते कशी, हसते कशी हे आवडत नव्हतं. तेवढ्यावर मी दुसऱ्याच्या पोरीचं एक वर्ष पणाला लावलं.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, साडेअकराच्या सुमारास, काजल मोहिनीच्या दुकानात शिरताना मला दिसली. हातात औषधाची पिशवी, पिशवीत फाइल. पोट दिसत नव्हतं, कडेवर लेकरूही नव्हतं, मी मुद्दाम पाहिलं, आणि पाहिल्याची लाजही वाटली. मी खुर्ची भिंतीकडे फिरवणार होतो, तेवढ्यात डेपोच्या फाटकातून कवडूजी येताना दिसले.

"सून दवाखान्यात गेली औषधाले," ते पायरी चढत म्हणाले. "म्हटलं तवरोक विम्याचं पाहून घ्याव." आणि रस्त्याकडे तोंड करून दाराजवळच्या बाकावर टेकू लागले. त्यांची ती नेहमीची जागा. तिथून मोहिनीचं अख्खं दुकान दिसतं.

"तठी नाई, कवडूजी. आत या. ऊन लागते."

"कुठी हाय ऊन?"

"येईन आता. या, माह्या खुर्चीवर बसा, पंख्याखाली." मी हाताला धरून त्यांना काउंटरच्या आत आणलं, माझ्या खुर्चीवर बसवलं. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. त्यांची पाठ रस्त्याकडे झाली. मी उभ्याउभ्याच अर्ज उघडला. गट नंबर तीनदा विचारला. बँकेचं पासबुक मागितलं, मग पान उलटून परत मागितलं. चहा सांगितला.

"यवढा वेळ काऊन लागून राह्यला?" त्यांनी मान वळवायला घेतली.

"स्पेलिंग पाहा ना तुमच्या बापाच्या नावाचं. गेल्या साली चुकलं असतं."

ते चष्मा लावून वाचू लागले. समोर मोहिनी दारात आली. तिनं रस्त्यापलीकडून माझ्याकडे पाहिलं, माझ्या खुर्चीवरची कवडूजींची पांढरी टोपी पाहिली आणि तिचं नेहमीचं हसू गेलं. तिनं काचेचं दार ओढून घेतलं आणि आतून पडदा सरकवला. मीही तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

चहा आला, संपला. कवडूजींनी बापाचं नाव दोनदा वाचलं. मग पडदा बाजूला झाला. काजल बाहेर आली, फाइल तिनं औषधांच्या खाली सरकवली, डोळे पुसले की घाम पुसला ते इतक्या दुरून कळलं नाही. माझ्या दुकानाकडे न पाहता ती दवाखान्याच्या बाजूनं चालू लागली.

"झालं का भाऊ?" कवडूजी खुर्चीतून उठत होते.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा अजून पाच मिनिटं," मी म्हटलं. "प्रिंट निघून राह्यली."